परदेशातल्या परीक्षा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे आणि आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. सप्टेंबरात इंग्लंडला, ऑक्टोबरात जर्मनीला गेलेली आपली पोरं तोवर खोली, सिमकार्ड, बँक या भानगडींतून मोकळी झालेली असतात आणि परीक्षा नावाचं प्रकरण त्यांना नुकतंच दिसायला लागलेलं असतं. मी बेळगावातल्या शहापूरची. मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी), मग पीयूसी (बारावी), व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) इंजिनिअरिंग आणि नंतर जर्मनीत एमएस्सी. जर्मनीबद्दल स्वतःच्या अनुभवानं सांगते, बाकी देशांबद्दल तिथे शिकलेल्या आपल्याच मुलामुलींशी बोलून आणि नियमावल्या वाचून. नियम विद्यापीठागणिक बदलतात, तेव्हा हे वाचून झालं की आपल्या विद्यापीठाची परीक्षा नियमावली उघडायचीच.

तिकडची परीक्षा आपल्यापेक्षा अवघड असते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्याचा फारसा उपयोग नसतो. व्हीटीयूचं गणित ज्यानं सोडवलंय त्याला तिकडचं गणित गिळणार नाही. फरक वेगळा आहे. आपल्याकडे परीक्षा आपल्याला शोधत येते. फी भरायची शेवटची तारीख वर्गप्रतिनिधी ग्रुपवर चार वेळा ओरडून सांगतो, ऑफिसातले काका हॉल तिकिटावर शिक्का मारून देतात, २नं सुरू होणारा आपला यूएसएन (विद्यापीठानं दिलेला क्रमांक) कुठल्या ब्लॉकमध्ये, कुठल्या बाकावर, हे दारावर चिकटवलेलं असतं. आपण फक्त दोन पेनं घेऊन जायचं. तिकडे तुम्हाला कुणी हाक मारत नाही. नाव नोंदवायचं तुम्ही, काढून घ्यायचं तुम्ही, आजारी पडलो हे कळवायचं तुम्ही आणि शंका असेल तर प्राध्यापकाच्या दारावर टकटक करायची तीही तुम्हीच. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक यातूनच निघतं.

मी वर्गाला बसतोय म्हणजे परीक्षेला आपोआप बसणार ना?

नाही. जर्मनीत तरी अजिबात नाही.

पहिल्या सत्रात मी एका विषयाच्या तासांना ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत न चुकता बसले. पोर्टलवर त्या विषयाला नाव घातलं होतं, नोट्स उतरवून घेत होते, गृहपाठ देत होते. परीक्षेची नोंदणी ही वेगळी गोष्ट, वेगळ्या पोर्टलवर, आणि ती खिडकी डिसेंबरातच बंद झालेली, हे मला ठाऊकच नव्हतं. पेपरच्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दारात यादी हातात घेऊन एक पोरगा उभा होता. त्यानं बोट वरून खाली फिरवलं, परत खालून वर फिरवलं आणि म्हणाला, तुमचं नाव नाही. मी ओळखपत्र दाखवलं, पासपोर्ट दाखवला. तो बिचारा अगदी नम्रपणे ‘नाही’ म्हणत राहिला. आत बाकीचे कोट काढून पुढच्या रांगेत ठेवत होते, ते मला दारातून दिसत होतं.

परीक्षा विभागात गेले आणि आपल्या सवयीनं विचारलं, लेट फी किती? तिथल्या बाईंना प्रश्नच कळेना. आपल्याकडे दंड भरून फॉर्म भरायची एक तारीख असते, ती गेली की जास्त दंडाची आणखी एक असते. पैसे भरले की दार उघडतं ही आपली पक्की समजूत. तिथे दार बंद म्हणजे बंद. बाईंनी मला पाणी दिलं आणि पुढच्या सत्रातल्या परीक्षेचा महिना कागदावर लिहून दिला. बस्स.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन तारखा शोधा: नोंदणी सुरू कधी, बंद कधी आणि नाव मागे घ्यायची शेवटची मुदत कुठली. नोंदणी झाल्याची पावती पोर्टलवरून डाऊनलोड करून ठेवा. आणि नाव नोंदवून तुम्ही गेलाच नाहीत तर गैरहजर म्हणजे नापास, थेट ५.० (जर्मनीत हा नापासाचा आकडा). तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव काढून घेण्यात लाज कसली?

एखादा विषय राहिला तर बॅक काढता येतो की, एवढं काय?

इथे जरा थांबून वाचा. आपल्याकडे बॅक हा कॉलेजजीवनाचा भाग आहे. तिसऱ्या सेमचा एम-थ्री (गणिताचा पेपर) सातव्या सेममध्ये काढलेली माणसं आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत, माझ्याच बॅचमध्ये दोघं आहेत. जर्मनीत एका विषयाला साधारणपणे तीन संधी असतात, काही ठिकाणी दोनच. त्या संपल्या आणि विषय सक्तीचा असला तर विद्यापीठातून नाव कमी होतं. एवढ्यावर भागत नाही. त्याच शाखेचा तसाच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात घ्यायलाही सहसा अडचण येते.

म्हणून ‘बसून तर बघू, पेपर कसा असतो ते कळेल’ ही आपली युक्ती तिथे महाग पडते. एक संधी त्या बघण्यात जाते. उलट बाजूही आहे: एकदा पास झालात, अगदी ४.०नं, म्हणजे काठावर, का होईना, की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही, असाच बहुतेक ठिकाणी नियम असतो.

इंग्लंडमध्ये पुनर्परीक्षा मिळते खरं (आपल्याकडचं ‘खरं’, म्हणजे ‘पण’), तिथे कितीही छान लिहिलंत तरी गुण सहसा उत्तीर्णतेच्या रेषेवरच थांबवतात. पदवीला ४०, मास्टर्सला ५०. अमेरिकेत विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे त्या विषयाची फीही पुन्हा भरायची, आणि ती डॉलरमध्ये.

पोरीला जर्मनीत १.७ पडलेत. नापास झाली काय?

हा माझ्या वडिलांचा प्रश्न. त्यांनी तो आधी खडेबाजारातल्या मित्राला विचारला आणि मग धीर करून मला. जर्मनीत शिडी उलटी लावलेली असते. १.० सगळ्यात वर, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मधल्या पायऱ्या १.३, १.७, २.०, २.३ अशा. १.७ म्हणजे ‘चांगले’ या श्रेणीतला वरचा भाग. पेढे वाटायला हरकत नाही, कुंदा असेल तर जास्त बरं.

आपले गुण त्या शिडीवर कसे बसवतात याचं एक सूत्र आहे, सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला. सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा सीजीपीए ७.०, सर्वोच्च १०, किमान ४. म्हणजे ३ भागिले ६, गुणिले ३, अधिक १: २.५. आता कुणी किमान ४च्या जागी ५ धरलं, तर तेच ७.० होतात २.८. आणि कितीतरी अभ्यासक्रमांची प्रवेशाची रेषा बरोबर २.५वर असते. म्हणून ट्रान्स्क्रिप्टवर किंवा मार्क्स कार्डाच्या मागे किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्ट छापलीय का, हे आधी बघा. नसेल तर विद्यापीठाकडून लिहून घ्या. व्हीटीयूचं मुख्य कार्यालय आपल्या मच्छेला, ज्ञानसंगममध्ये. बेंगळुरूच्या पोरांना काही काम अडलं तर रात्रभराचा प्रवास, आपल्याला खानापूर रोडवरून अर्धा तास. एवढा एक फायदा आपल्याला आहे, तो घ्या.

मुलाला इंग्लंडात ६२ मार्क पडलेत. पीयूसीला ९१ होते. अभ्यास सोडलाय का त्यानं?

नाही हो. तिथे ७०च्या वर म्हणजे पहिला वर्ग, मास्टर्सला त्यालाच डिस्टिंक्शन म्हणतात. ६० ते ६९ मेरिट. निबंधाला ८०च्या वर गुण क्वचितच देतात. ६२ ऐकून फोनवर गप्प बसू नका, पोराला ते लगेच कळतं.

ऑस्ट्रेलियात बऱ्याच विद्यापीठांत ८५च्या वर ‘हाय डिस्टिंक्शन’ आणि ५०ला पास. फ्रान्समध्ये २०पैकी १०ला पास. नेदरलँड्समध्ये १०पैकी साडेपाच. आकडा कळला की आधी ‘कितीपैकी, आणि पास कितीला’ हे विचारायचं, मग काय ती प्रतिक्रिया द्यायची.

इंटर्नल्सचे मार्क तिकडे असतात का?

देशावर आहे. व्हीटीयूच्या २०२२च्या स्कीममध्ये ५० अंतर्गत आणि ५० सत्रअखेरच्या परीक्षेला. जर्मनीत अनेक विषयांत अंतर्गत काही नसतंच. चार-पाच महिने शिकायचं आणि ९० मिनिटांच्या एका पेपरवर सगळं. हजेरीचीही सक्ती बहुतेक व्याख्यानांना नसते. ८५ टक्के हजेरीच्या धाकात वाढलेल्या आपल्या पोरांना हे स्वातंत्र्य डिसेंबरपर्यंत फार गोड लागतं. जानेवारीत कळतं.

अमेरिकेत बरोबर उलटं. दर आठवड्याला गृहपाठ, क्विझ, दोन मिडटर्म, प्रोजेक्ट, आणि शेवटच्या परीक्षेला कधी कधी तीसच टक्के वजन. आपण शेवटच्या पंधरा दिवसांत रात्री जागून वर येणारी माणसं. तिथे ते पंधरा दिवस येईपर्यंत निम्म्याहून जास्त गुण ठरून गेलेले असतात. मास्टर्सला सरासरी बी, म्हणजे ४पैकी ३.०, टिकवावी लागते. खाली गेलात की आधी प्रोबेशनचं, म्हणजे ताकीद देणारं, पत्र येतं. आणि जड जातोय म्हणून विषय सोडून देण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ क्रेडिट्सची अट असते, ती मोडली तर विषय राहील बाजूला, व्हिसाच अडकेल.

क्वेश्चन बँक कुठे मिळते?

आपल्याकडे पाच मॉड्यूल, प्रत्येकातून दोन प्रश्न, एक सोडवायचा. मागचे सहा पेपर चाळले की कुठला प्रश्न फिरून येणार हे झेरॉक्सवाल्यालाही सांगता येतं. एसएसएलसीला तर ‘पासिंग पॅकेज’ (पास होण्यापुरते नेमके प्रश्न) असतंच.

तिकडे पेपर शिकवणारा प्राध्यापक स्वतः काढतो आणि तपासण्याची जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे त्यानं व्याख्यानात ज्यावर वेळ घालवला, सराव-तासिकेत जी उदाहरणं सोडवून घेतली, तीच खरी क्वेश्चन बँक. जुने पेपर मिळतात. जर्मनीत ‘फाखशाफ्ट’ म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे, इंग्लंडमध्ये बहुधा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. त्यांचा उपयोग पेपरचा ढंग कळायला. तोच प्रश्न येईल म्हणून पाठ करू नका. मी केला होता. प्रश्न तोच आला, फक्त शेवटच्या ओळीत ‘वरील गृहीतक काढून टाकल्यास काय होईल?’ असं होतं, आणि सगळे गुण त्या ओळीला होते.

वही-पुस्तक घेऊन बसता येतं म्हणे. मग अभ्यास कशाला?

ओपन बुक पेपरला आपली पोरं हमखास आपटतात. पुस्तकात ज्याचं उत्तर सापडेल असा प्रश्न त्यात विचारतच नाहीत, आणि पानं उलटण्यात वेळ जातो. यापेक्षा मला आवडलेला प्रकार म्हणजे एका ए-फोर कागदाची मुभा: स्वतःच्या हातानं लिहिलेला एकच कागद आत न्यायचा. तो कागद तयार करताना काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवण्यातच निम्मा अभ्यास होतो. पेपरात मी तो दोनदा सुद्धा बघितला नसेन. दुसऱ्याचा कागद झेरॉक्स करून नेऊ नका. नियमात बसत नाही, आणि उपयोगही शून्य.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीत पानंच्या पानं लिहायला जमेल का?

पानंच्या पानं लिहायचीच नाहीत. शाळेत पुरवणीला दोरा बांधताना किती पुरवण्या झाल्या हे मोजायची आपल्याला सवय. आमच्या वर्गात एकीनं इतिहासाच्या पेपरला सहा घेतल्या होत्या, आठवडाभर तिचा मान होता. तिकडे उत्तरासाठी चौकट छापलेली असते, आठ ओळींची. आठ ओळींत बसलं पाहिजे. सुरुवातीला व्याख्या, मग प्रस्तावना, मग आकृती, मग फायदे-तोटे ही आपली बांधलेली चाल सोडून द्या. विचारलं तेवढंच आणि थेट.

जर्मनीत ९० मिनिटांच्या पेपरला बऱ्याचदा ९० गुण असतात, म्हणजे एका गुणाला एक मिनिट. सहा गुणांच्या प्रश्नावर वीस मिनिटं घालवलीत तर चूक परीक्षकाची नाही.

निबंधाच्या विषयांत प्रश्नाचं क्रियापद बघा. ‘डिस्क्राइब’ म्हटलं तर वर्णन. ‘क्रिटिकली इव्हॅल्युएट’ म्हटलं तर दोन बाजू मांडून शेवटी तुमचं मत, कारणासकट. पुस्तकातल्या मोठ्या माणसाचं म्हणणं चुकीचं वाटतं असं लिहायला आपला हात धजत नाही. मराठी माध्यमापेक्षा हीच अडचण मोठी. बाकी इंग्रजीच्या चुका असतात सगळ्यांच्याच, जर्मन पोरांच्याही.

एक बारीक गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जर्मन माणूस १ हा आकडा लांब शेंडी काढून लिहितो, तो आपल्याला ७ वाटतो. त्यांचा ७ मधोमध कापलेला असतो. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. फळ्यावरून उतरवताना मी एका गणितात तीन ठिकाणी १चे ७ केले होते आणि उत्तर का येत नाही म्हणून रात्र घालवली होती.

असाइनमेंट मित्राची बघून लिहिली तर चालते का? सगळेच लिहितात.

रेकॉर्ड (महाराष्ट्रात ज्याला जर्नल म्हणतात ते) एकानं लिहायचं आणि बाकी चाळीस जणांनी उतरवायचं, आकृतीसकट, एकाची चूक चाळीस वह्यांत. आपल्याकडे सरांनाही ते माहीत असतं. तिकडे याला चोरी म्हणतात आणि वागवतातही तसंच. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर तुमचा मजकूर जुळवून बघतं. वाक्य दुसऱ्याचं असेल तर अवतरणात आणि नाव देऊन. विचार दुसऱ्याचा आणि शब्द तुमचे असतील तरीही नाव देऊन. स्वतःचीच जुनी असाइनमेंट दुसऱ्या विषयाला पुन्हा दिली तरी बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि देणाराही अडकतो, घेणारा एकटा नाही. ‘त्यानं मागितली, नाही कसं म्हणू’ हे समितीपुढे सांगून उपयोग नसतो.

एआयचं म्हणाल तर नियम विषयागणिक वेगळे. एका प्राध्यापकाला चालतं, शेजारच्याला नाही. सुरुवातीलाच ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जर्मनीत प्रबंधाला ‘हे काम माझंच आहे’ अशी सहीची घोषणा जोडावी लागते, ती नुसती सहीपुरती समजू नका.

तोंडी परीक्षा म्हणजे आपली व्हायवाच ना?

नावापुरती. आपल्या व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक रांगेतल्या चौघांना एकदम आत घेतात आणि दहा मिनिटांत सोडतात. जर्मनीत अर्धा तास एकट्याला, समोर प्राध्यापक आणि टिपणं घेणारा एक सहायक. उत्तर बरोबर आलं की प्रश्न आणखी खोल जातो. म्हणजे शेवटी तुम्ही कुठेतरी अडणारच. अडलात म्हणजे गेलं असं नाही. मोठ्यानं विचार करा. गप्प राहिलात की त्यांना काही कळत नाही.

इटलीला गेलेल्यांना तोंडी परीक्षा फार. तिथे ३०पैकी गुण, १८ला पास, आणि गंमत म्हणजे मिळालेले गुण पसंत नसतील तर बऱ्याचदा ते नाकारून पुन्हा बसता येतं. जर्मनीत हे सांगितलं की लोक उसासे टाकतात.

पेपरच्या दिवशी ताप आला तर?

पेपर द्यायचा की नाही हे पेपर सुरू व्हायच्या आधी ठरवा. इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत खोलीत बसलात म्हणजे ‘मी धडधाकट आहे’ असं तुम्हीच कबूल केलं, असा नियम आहे. जर्मनीत त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा आणि लगेच परीक्षा विभागाला पोहोचवायचा. गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून आठवड्यानं मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणायची सोय तिथे नाही. आणि सणकून ताप असताना अनोळखी गावात डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा घराजवळचा डॉक्टर आधीच बघून ठेवा.

रिव्हॅल्युएशनला किती पैसे लागतात?

जर्मनीत निकालानंतर एक दिवस ठरवतात, त्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर समोर बसून बघायचा. फी नाही. बहुतेक आपली पोरं जात नाहीत, ‘सरांना राग येईल’ म्हणून. जा की. मी दुसऱ्या सत्रात गेले तर एका पानाची मागची बाजू तपासायचीच राहिली होती. सहायकाला दाखवली, त्यानं तिथेच वाचून चार गुण वाढवले आणि वर माफी मागितली. ३.३चे ३.० झाले. फक्त ‘थोडे वाढवा ना सर’ म्हणू नका. कुठल्या ओळीला गुण का मिळायला हवे होते, ते बोट ठेवून सांगा.

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला एमबीबीएसला जाणाऱ्यांचं काय?

त्यांच्यापुढे दोन परीक्षापद्धती एकाच वेळी असतात. रशियात पाचाची श्रेणी, ३ला पास, २ म्हणजे नापास; तोंडी परीक्षेत टेबलावरच्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची आणि तिच्यावरचे प्रश्न सांगायचे. परत आल्यावर मात्र एफएमजीई (परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची भारतातली चाळणी परीक्षा), ३०० बहुपर्यायी प्रश्न आणि पास व्हायला १५०. चिठ्ठीवर छान बोलता येणारा पोरगा चार पर्यायांत गोंधळतो, म्हणून तिसऱ्या वर्षापासून बहुपर्यायी सराव वेगळा ठेवावा. आणि प्रवेशाआधी एजंटला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांचं विचारा: किमान ५४ महिन्यांचा इंग्रजीतून अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. उत्तर द्यायला तो अडखळला तर चहा पिऊन उठा.

मार्क्स कार्डावर जुनं ‘बेलगाम’, पासपोर्टवर ‘बेळगावी’. परीक्षेत अडचण येईल?

गावाच्या नावानं सहसा नाही. १ नोव्हेंबर २०१४ला नाव बदललं, एवढं एका ओळीत सांगितलं की पुरतं. तुमच्या स्वतःच्या नावाचं मात्र बघा. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाची स्पेलिंगं बदललेली असतात. परीक्षेच्या यादीत पासपोर्टवरचंच नाव हवं, कारण दारात ओळखपत्राशी तेच ताडून बघतात.

मुलाचा निकाल आम्हाला कळत नाही. विद्यापीठात फोन केला तर सांगतील?

नाही सांगणार. तो सज्ञान आहे, त्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही देत नाहीत. फी तुम्ही भरली असली तरी. त्यालाच विचारा, पण पेपर संपल्या संपल्या ‘कसा गेला?’ म्हणून नको. जेवलास का, हे आधी.

गणपतीला घरी येता येईल का?

जर्मनीत उन्हाळी सत्राच्या परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये आणि राहिलेल्या विषयांच्या बऱ्याच ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात, म्हणजे नेमकी चतुर्थी गाठून. जुलैत सगळे पेपर निघाले तर तिकीट काढा. शंका असेल तर निकाल लागेपर्यंत थांबा, नाहीतर परत न मिळणाऱ्या तिकिटाचे पैसे जातात. माझे एकदा गेलेत. त्या वर्षी आमच्या गल्लीची विसर्जन मिरवणूक मी भावाच्या फोनवर बघितली, मांडीवर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक, आणि तो सारखा कॅमेरा ढोलाकडे वळवत होता, मला गणपतीच दिसेना.